लंगडी

माझा एक पाय जन्मापासून वाकडा. वडील बाजारात जोडे शिवायचे. आई मला कडेवर घेऊन शाळेत पोचवायची, त्यामुळे तिला वेळेवर शेतात कामाला जाता येत नसे. मी सात वर्षांची झाले तसं माझं ओझं तिला पेलेना, आणि माझी शाळा सुटायची वेळ आली.

आज, इतक्या वर्षांनी, शाळेच्या पटांगणात मुली लंगडी खेळताना पाहते आहे. धडधाकट मुलीनं एक पाय दुमडला की तिला शाबासकी मिळते. मला मात्र हाच शब्द शिवी म्हणून मिळाला.

तेव्हा, सातव्या वर्षी, मिशनच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी माझ्या पायाला प्लास्टर घातलं, मग लोखंडी पट्ट्या बांधल्या. त्या पट्ट्यांना लागणारा बूट वडिलांनी स्वतः शिवला. मास्तर त्यांना म्हणाले, “अरे, पोरीच्या जातीला एवढं लोखंड कशाला? घरीच बसू दे की.”

“बसवायचीच असती, तर बूट शिवला नसता, मास्तर.”

पाय सरळ झाला, पण किंचित आखूड राहिला. माझी चाल मी झाकत नाही. लाज वाटायचीच तर हसणाऱ्यांना वाटू दे. आमच्या घरात माझ्याआधी कुणाला सहीसुद्धा येत नव्हती. मी बी.ए. आहे.