बेरिलच्या गाडीचा ठसका

बेरिल ऑल्डरसनशी वाद घालून जिंकलेला माणूस आमच्या स्वेलडेलच्या खोऱ्यात अजून जन्माला यायचाय. मी शाळेपासून प्रयत्न करतोय. ती माझ्या पुढच्या बाकावर बसायची आणि बाईंनी प्रश्न विचारला, की हातबित वर न करता उत्तर ठोकून द्यायची. उत्तर बरोबर असायचं. तेच जास्त झोंबायचं.

पुढे ती नर्स झाली. दवाखान्यात बसणारी नव्हे, शेतघरांतून फिरणारी. इंजेक्शनं, पायाच्या चिघळलेल्या जखमा, बाळंतिणी, अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं, सगळं तिच्याकडे. या कामासाठी तिने गाडी घेतली ती हिरवी एमजी. दोनच माणसांची, उघड्या टपाची, जमिनीला पोट घासत पळणारी. नर्सबाईला असली गाडी शोभते का, यावर चॅपलमध्ये बरीच कुजबुज झाली. मग खुद्द पाद्रीबुवांना मुतखड्याची कळ आली आणि तिने त्यांना त्याच गाडीत कोंबून हॉस्पिटलात नेलं. वाटेत ते ओरडत होते ते कळेमुळे की वेगामुळे, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. कुजबुज मात्र थांबली.

म्हाताऱ्यांना उठून दार उघडणं जमायचं नाही, म्हणून घरोघरच्या किल्ल्या तिच्याकडे असायच्या. ती निवृत्त झाली तरी कुणी त्या परत मागितल्या नाहीत, उलट भरच पडली. चॅपलची, गावच्या हॉलची, सुट्टीला गेलेल्यांच्या घरांची. बेरिल येतेय हे आधी ऐकू यायचं आणि मग दिसायचं.

माझं नाव क्लिफर्ड हार्कर. जन्मभर गुरांच्या बाजारात लिलाव पुकारला. चांगलं जनावर बघितलं की मला राहवत नाही, आणि त्या एमजीएवढं देखणं जनावर मी पाहिलेलं नाही. दर वर्षी मी बेरिलला विचारायचो, "विकतेस का?" दर वर्षी ती म्हणायची, "मेल्यावर ये." गाडीचं सगळं काम ती स्वतः करायची. गॅरेजवाल्याला तिने बॉनेटला हातसुद्धा लावू दिला नाही.

मग तिची बोटं सुजायला लागली. संधिवात. चहाचा कप धरायचीच मारामार, तिथे पॉइंट काय बसवणार! या जुन्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाखाली पॉइंट म्हणून दोन इवल्याशा धातूच्या पट्ट्या असतात. त्यांची उघडझाप झाली की ठिणगी पडते. त्यांच्यातली फट केसभर चुकली तरी गाडी रुसते, आणि ती फट घासून घासून सारखी चुकतेच. भर वाऱ्यात रस्त्याकडेला वाकून ती नीट करायला बोटं शाबूत लागतात. बेरिलने रडगाणं गायलं नाही. पॉइंट काढून फेकायचे आणि त्या जागी काड्यापेटीएवढा इलेक्ट्रॉनिक ठोकळा बसवायचा, अशी एक सोय बाजारात मिळते. एकदा बसवला की बघायला नको. तिने तो मागवला, मला टॉर्च धरायला बोलावलं आणि दुखऱ्या बोटांनीच बसवला. दोन तारा, दोन स्क्रू. अर्ध्या किल्लीत गाडी चालू.

"बघ," ती म्हणाली, "आता मी नव्वदीपर्यंत गाडी चालवणार. तू बस वाट बघत."

तिसऱ्या दिवशी खिंडीच्या रस्त्यावर गाडीला ठसका लागला. ठसकाच. इंजिन क्षणभर गप्प, मग एक गचका, मग पुन्हा सुरळीत. दोन वळणं गेली की पुन्हा ठसका. अंगणात उभी केली तर मांजरीसारखी घुरघुर, तासभर चालू ठेवा, काही नाही.

बेरिलने शोध घेतला तो पेशंट तपासावा तसा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि ती बदलून रस्त्यावर फेरी मारायची. ठोकळ्याची अर्थिंगची तार नवी घातली. ठसका. ठिणगीला जोर देणारी कॉइल बदलली. ठसका. प्लगच्या तारा बदलल्या, बॅटरीची टोकं खरवडून चकचकीत केली, इंजिन तापल्यावर असं होतं का म्हणून कॉइलवर ओलं फडकं ठेवून पाहिलं. ठसका. वळणांवर पेट्रोल हिंदकळत असेल म्हणून कार्ब्युरेटर उघडला. तोही निर्दोष. शेवटी ठोकळाच मुळात खराब असेल म्हणून दुसरा आणला. दुसराही तसाच ठसकला.

मग तिने माझ्याकडून जुने पॉइंट बसवून घेतले. ती शिव्या घालत होती आणि मी फट मोजत होतो. ठसका गायब! खिंड चढून उतरून आलो, गाडी लोण्यासारखी.

आमचं जुन्या गाड्यांचं मंडळ ब्लॅक रॅम पबमध्ये जमतं. तिथे निकाल लागायला किती वेळ लागणार? पॉइंट घातले की ठीक, ठोकळा घातला की ठसका, म्हणजे ठोकळा वाईट. सगळ्यांनी बेरिलला समजावलं. मी जरा जास्तच प्रेमाने समजावलं.

"अगं, पॉइंट राहू देत," मी म्हणालो.

"आणि फट कोण बसवणार? दर वेळी तू? मी तुला हाका मारत फिरू?"

"मग विक. मला विक. मी तिला जपेन."

बेरिलने ग्लास खाली ठेवला.

"दोन्ही ठोकळे चांगले आहेत," ती म्हणाली. "दोष दुसरीकडे आहे, आणि तो मी शोधणार. ठोकळा परत बसवते. रविवारी मंडळाची फेरी आहे ना? तू माझ्या शेजारी बस, क्लिफर्ड. फेरी संपेपर्यंत दोष सापडला नाही, तर गाडी तुझी. सगळ्यांनी ऐकलं?"

सगळ्यांनी ऐकलं. मी घरी जाऊन गॅरेजमधली माझी खोकी हलवून जागा करून ठेवली. खोटं कशाला बोलू?

रविवारी ऊन होतं, वाराही होता. आम्ही निघालो तेव्हा बेरिल इतकी खुशीत होती की मलाच धास्ती वाटली. डोक्याला रुमाल, हातात चामडी मोजे, आणि तोंडाची टकळी. कुणाच्या घरात कोण कसं मेलं, कुणाचं पोर कुठल्या टेबलावर जन्मलं, हे रस्त्यातल्या प्रत्येक घरावरून ती सांगत होती. मध्येच म्हणाली, "तुझी जागा झाली का करून?"

"कसली जागा?"

"गॅरेजमधली. एडना सांगत होती." एडना माझी बहीण. तिच्या पोटात काही राहत नाही.

खिंडीचा चढ लागला आणि पहिल्याच डाव्या वळणावर ठसका बसला. बेरिलची टकळी थांबली. उजवं वळण, ठसका. ती पुढे बघून चालवत होती, पण तिचा जबडा आवळलेला मला दिसला. पुढच्या वळणावर तर इंजिन इतका वेळ गप्प झालं की मागच्या गाडीने हॉर्न मारला. मला आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही. पण रडायला न येणाऱ्या बाईचं तोंड शेजारी बसून बघणं काही सोपं नाही.

तिच्याकडे बघवेना, म्हणून मी समोर डॅशबोर्डकडे बघत बसलो. तिथे गाडीची किल्ली लावलेली, आणि किल्लीला लटकलेला तो सगळा जुडगा. निम्म्या गावाचं लोखंड. वळण आलं, जुडगा झुलला, किल्ली वाकडी झाली, ठसका. उलटं वळण, जुडगा दुसरीकडे, ठसका.

मी विचार केला असता तर गप्प बसलो असतो. फेरी संपायला खिंड आणि उतारच राहिला होता. पण विचार करायच्या आधीच माझा हात पुढे गेला आणि मी जुडगा मुठीत धरला. वळण आलं. गाडी चुपचाप निघून गेली. आणखी एक वळण. काही नाही.

बेरिलने माझ्या हाताकडे बघितलं.

"सोड," ती म्हणाली.

सोडला. ठसका.

"धर."

धरला. लोणी.

"सोड! धर! सोड!" ती ओरडत होती आणि गाडी तिच्या तालावर ठसकत होती. मागचे लोक आम्हाला वेड लागलंय असं समजले असणार. खिंडीच्या माथ्यावर तिने गाडी बाजूला घेतली आणि पोट धरून हसली.

"किल्लीचा स्विच!" ती म्हणाली. "इतकी वर्षं हे ओझं टांगून टांगून स्विच ढिला केला मी! पापणी लवण्यापुरता करंट तुटतो. पॉइंटना त्याचं काही नाही, ते तसेच रेटून नेतात. ठोकळ्याला नाही चालत, तो आपला पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. मी अख्खी गाडी उसवली, आणि दोष माझ्याच खिशातला!" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि शोधला कुणी? तू! अरे शहाण्या, तुझ्याच हाताने तुझी गाडी घालवलीस की!"

"माहीत आहे," मी म्हणालो.

"नवा स्विच मिळेपर्यंत किल्ली सुटी ठेवायची. ही कडी उघड. माझ्या बोटांना नाही उघडायची."

पोलादी कडी घट्ट होती. मी नखाने फट पाडून गाडीची किल्ली फिरवत फिरवत बाहेर काढायला लागलो. मधल्या किल्ल्या सरकवाव्या लागत होत्या. प्रत्येकीला कापडी पट्टी, तिच्यावर तिच्या टोकदार अक्षरात नाव. ऑटर्सगिल. मिसेस पीकॉक. चॅपल. हार्कर, मागचं दार.

मी ती पट्टी दोनदा वाचली.

"ही माझी आहे."

"हो."

"तुझ्याकडे कशी आली?"

"एडनाने दिली. तुझ्या छातीत दुखलं होतं ना, तेव्हा. तू एकटा राहतोस, रात्री-अपरात्री काही झालं तर दार फोडत बसायचं का? सकाळी तुझ्या स्वयंपाकघरातून धूर दिसला नाही तर मी येऊन बघते. दोनदा आले होते. तू घोरत होतास."

"मला विचारलं नाहीस!"

"विचारलं असतं तर दिली असतीस?"

"नाही."

"म्हणून नाही विचारलं."

मला राग आला. खरंच आला. मी कुणाच्या आधाराने जगत नाही, हे मी सगळ्या बाजाराला ओरडून सांगत आलोय. आणि ही बाई, जिच्या गाडीवर माझा डोळा, जी तोंडघशी पडावी म्हणून मी खोकी हलवून बसलो होतो, ती माझं दार खिशात घेऊन फिरत होती. मग राग उतरला. मी नाक शिंकरलं आणि वाऱ्याला दोष दिला.

मंडळाच्या गाड्या एकेक करून पुढे गेल्या. बेरिलने सुटी किल्ली स्विचमध्ये घातली, गाडी चालू केली, आणि उरलेला उतार आम्ही एकही ठसका न खाता उतरलो. ती पुन्हा बोलायला लागली होती. गाडी मला मिळाली नाही याचं मला वाईट वाटत होतं, आजही वाटतं. जुडगा माझ्या मांडीवर होता, कडी मी अजून पुरती बंद केलेली नव्हती, आणि माझी किल्ली अगदी टोकाला आली होती. काढून घेतली असती तर तिला कळलंही नसतं. मी ती आत सरकवली आणि कडी दाबून बंद केली.