मावसाजी, युनिक्स आणि दसऱ्याच्या अक्षता

कॉम्प्युटरला घरच्या जावयासारखं वागवणारा माणूस अख्ख्या बऱ्हाणपुरात एकच असेल, आणि त्या माणसाच्या घरी मी सात वर्षं राहिले. माझ्या मावशीचे यजमान. आम्ही त्यांना मावसाजी म्हणतो. आई-बाबा डोईफोडिया गावात केळी लावतात. शाळेसाठी मला मावशीकडे ठेवलं, ती मी कॉलेज संपेपर्यंत तिथेच होते.

मावसाजी सरकारी कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. तिथे त्यांची युनिक्सशी, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या एका जुन्या प्रणालीशी, ओळख झाली आणि पुढे दुसरं काही त्यांना पसंत पडलं नाही. त्यांच्या कॉम्प्युटरवर काळा पडदा, पांढरी अक्षरं. हवं ते टाइप करून सांगायचं. माऊस होता, पण त्यावर मावशीनं विणलेला रुमाल पांघरलेला असे. मशीन बंद करून पुन्हा चालू करणं त्यांना असभ्य वाटे. "आलेल्या पाहुण्याला उठवून परत बसवतो का आपण?" युनिक्समध्ये कुठली फाइल कोणी नुसती बघायची आणि कोणी बदलायची, हे ठरलेलं असतं. ते त्यांनी मला दराबा या आमच्याकडच्या मिठाईच्या डब्यावरून समजावलं. "तुझ्या मावशीला सगळ्या परवानग्या. मला फक्त बघायची."

"शुगर वाढली ना, तर तीपण काढून घेईन," मावशी आतून म्हणाली.

घरात इंटरनेट आलं ते माझ्यामुळे. दसऱ्यानंतरच्या मंगळवारी माझी नोकरीची पहिली मुलाखत होती. ती ऑनलाइन होती, पण मोबाइलवर चालणार नव्हती, आणि अनोळखी दुकानात बसून, लोक ऐकत असताना, मला स्वतःबद्दल बोलता आलं नसतं. मावसाजी म्हणाले, "घरातून देशील." दसऱ्याच्या आदल्या दिवशी तारवाला आला, भिंतीवर डबा बसवला, स्वतःच्या मोबाइलवर चालवून दाखवला आणि कॉम्प्युटरकडे बघत राहिला. "अंकल, इसमें क्लिक कहाँ करना है?"

"इसको क्लिक नहीं करते बेटा, इससे बात करते हैं," मावसाजी म्हणाले, आणि त्याला चहा पाजून परत पाठवलं. मग डब्याचं वायफाय बंद केलं. हवेतून येणाऱ्या गोष्टीवर त्यांचा विश्वास नव्हता.

दुसऱ्या दिवशी पूजा. दसऱ्याला घरातली सगळी यंत्रं पुजायची, शिलाई मशीनपासून मिक्सरपर्यंत. कॉम्प्युटर तर पाटावर. त्याच्या मागच्या ज्या भोकात नवी तार जाणार होती त्याला मावसाजींनी उंबऱ्यासारखं हळदकुंकू लावलं, वर अक्षता वाहिल्या. आरती झाल्यावर तार खोचली. इंटरनेट आलं नाही.

मावसाजींना आनंदच झाला असावा. युनिक्समध्ये इंटरनेट कसं सुरू करायचं हे शोधायला इंटरनेट लागतं. म्हणून ते इतवारा मोहल्ल्यात चादरीवाल्या मित्राच्या दुकानात जायचे, तिथल्या पडद्यावरून सगळं वहीत उतरवून आणायचे. फोटो नाही, हातानं लिहिल्याशिवाय डोक्यात जात नाही म्हणे. इंग्रजी शाळेतली म्हणून मी वाचायचं, त्यांनी टाइप करायचं. मशीन नकार द्यायचं, तो नकार वहीत उतरवून ते पुन्हा इतवाऱ्याला. "चाललाच आहात तर कोथिंबीर आणा," मावशी म्हणायची. चार दिवसांत फाइली तीनदा बदलल्या आणि कोथिंबिरीच्या वड्या दोनदा झाल्या. तारेपाशी दिवा लागत नाही, असं मी एकदा हळूच म्हणाले. "दिवे बघून निदान करणं हे माऊसवाल्यांचं काम," ते म्हणाले. मी पुन्हा म्हणाले नाही.

सोमवारी दुपारी ते इतवाऱ्याला गेले असताना मी तार काढली आणि मोबाइलचा उजेड आत टाकला. तांदळाचा एक दाणा, कुंकवानं लाल झालेला, आत आडवा बसला होता. केसातली पिन घालून तो काढला. तार खोचली तर टक् असा आवाज आला आणि हिरवा दिवा लागला.

मी बराच वेळ तो दिवा बघत बसले. मग तार अर्धी बाहेर ओढली.

मावसाजी घामाघूम होऊन आले. "आज पक्कं," म्हणाले. वहीत चार ओळी होत्या. मी मशीनला खेटून, एक हात मागे ठेवून, त्या नेहमीपेक्षा सावकाश वाचल्या. चौथ्या ओळीनंतर त्यांनी एंटर दाबलं, आणि मी तार आत ढकलली. पडद्यावर अक्षरं धावायला लागली.

"मशीन ऐकतं बेटा," ते म्हणाले. "नीट सांगावं लागतं." त्या चार ओळींभोवती त्यांनी लाल पेननं चौकट केली.

दुसऱ्या दिवशी मुलाखत होईपर्यंत ते दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. मिक्सर बंद, कुकर बंद, शेजारच्या काकूंना परत पाठवलं. नोकरी लागली. मी पुण्याला आले. त्या दाण्याबद्दल मी कोणालाच काही सांगितलं नव्हतं.

या दसऱ्याला सुट्टी मिळाली नाही, म्हणून फोन केला. पूजा झाली का, विचारलं.

"झाली. कॉम्प्युटरला नुसतं फूल वाहिलं या वेळी. अक्षता नाही."

"का?"

मागे मावशी कोणाला तरी सोनं देत होती, तिचा आवाज येत होता.

"आता काढायला तू नाहीस ना इथे."