जेमताबाईच्या शेतातलं यंत्र

रनाळ्याहून निघाले तेव्हा माझं मत आधीच ठरलेलं होतं. डोंगरातल्या एका गावात कोणीतरी जमिनीत यंत्र पुरलं आहे, एवढंच कळलं होतं, आणि त्यावर लिहायचं होतं. आमच्या घरात वर्तमानपत्रापेक्षा चळवळीची पत्रकं जास्त आली, आणि त्या पत्रकांनी मला एक गोष्ट पक्की शिकवली: मोजणारा माणूस आला की त्याच्या मागोमाग घेणारा येतो.

तळोद्याला जीप भरायला दुपार झाली. चालकाला कुठे जाते ते सांगितलं, तसा तो मागे वळून बघायला लागला. "ते मशीन जमीनना पोटमा काय शे ते देखी ऱ्हायनं, ताई. मंग जमीन कोनी ऱ्हाई?" (ते यंत्र जमिनीच्या पोटात काय आहे ते बघतंय. मग जमीन कोणाची राहील?) मला त्याचं म्हणणं पटलं. मागच्या बाकावरच्या दोन बायांनी तोंडं फिरवली. त्यांच्या हिशेबी मीही मोजणाऱ्यांपैकीच होते.

शेवटच्या चढावर जीप तापून थांबली आणि आम्ही उतरून चालू लागलो. वळणावर दगडखाण दिसली. अर्धा डोंगर पांढरा, कापलेला. खालच्या सागाच्या पानांवरही तोच पांढरा थर. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. गावकऱ्यांनीच तसं सांगितलं आहे.

जेमताबाईचं घर गावाच्या कडेला. अंगणात आमचुरासाठी कैरीच्या फोडी वाळत होत्या आणि ती एकेक फोड पदराने पुसत होती. धूळ बसलेला आमचूर व्यापारी हातातही धरत नाही, म्हणाली. मग तिने मागची भिंत दाखवली. वरपासून खालपर्यंत भेग, माझी बोटं आत जातील एवढी. गेल्या महिन्यात एका दुपारी सगळा गाव हादरला, त्या दिवशीची. खाणवाला म्हणतो, त्या दिवशी खाण बंद होती, सुरुंगाआधीचा भोंगासुद्धा वाजला नाही. तो भूकंपच होता, असं त्याचं म्हणणं. आता तालुक्याहून साहेब पाहणीला येणार. भूकंप ठरला तर खाण अशीच सरकत वर येईल आणि जेमताबाईला घर सोडावं लागेल.

यंत्र तिच्याच शेतात होतं. तिनेच जागा दिली, म्हणून गाव तिच्यावर चिडलेला. हादरे यंत्रामुळेच येतात, असं निम्म्या गावाचं मत. त्यातून यंत्रवाल्या पोरीने आवाज नको म्हणून सांगितल्यापासून बायकांनी उखळ-मुसळ उचलून नाल्यापलीकडे नेलेलं. रोज कांडायला तिकडे जायचं. ते यंत्र उपटायचं की ठेवायचं, यावर त्याच दिवशी बैठक होती.

मक्याची भाकर आणि उडदाचं दाळण खाऊन मी त्या पोरीला शोधलं. रेवती नाव, माझ्याच वयाची, शहरातल्या एका संशोधन संस्थेतून आलेली. पैसे कोण देतं, नकाशे कोणाला जातात, खाणवाल्याकडे चहा घेतला का, सगळं विचारलं. चहा घेतला होता. मी ते मनात अधोरेखित केलं.

यंत्र खजिना शोधत नाही, असं ती म्हणाली. दूर कुठे भूकंप झाला की काही लाटा पृथ्वीच्या पोटातून येतात आणि काही जमिनीच्या पाठीलगत पसरतात. या पाठीवरच्या लाटा संथ आणि लांब असतात; त्या कशा पोचतात यावरून खालच्या थरांचा अंदाज येतो. पण पावलं, जीप, गुरं यांचीही थरथर त्यात मिसळते. म्हणून संगणकात एक चाळणी लावायची: संथ लाटा ठेवायच्या, भरभर थरथरणारं सगळं टाकायचं.

"टाकायचं म्हणजे कुठे?" मी विचारलं. तिला प्रश्न कळला नाही.

बैठक मोहाच्या झाडाखाली बसली. कारभारी दुरसिंगबाबा कमी बोलणारा माणूस. त्याने रेवतीला यंत्राला जोडलेला लॅपटॉप घेऊन बसवलं. "आमच्या बायका आता काहीतरी करतील. काय, ते तुझ्या यंत्राने सांगावं. नाही सांगितलं तर उपटून ने."

जेमताबाई चार बायकांना घेऊन घरामागे गेली. आम्ही वाट बघत राहिलो. पडद्यावरची रेघ सपाट होती. शेवटी रेवती म्हणाली की काही दिसत नाही.

"बहिरं आहे," दुरसिंगबाबा म्हणाला. लोक मोकळेपणी हसले, मीही हसले.

मग रेवतीच्या लक्षात आलं. तिची नेहमीची चाळणी लावलेलीच होती. ती काढल्याबरोबर रेघ उसळली. ती पुटपुटत मोजू लागली. "कोणीतरी कांडतंय. दोन मुसळं, एकाआड एक."

बायका परत आल्या. हातात नाल्यापलीकडून आणलेली मुसळं होती, दोनच. उखळाविना जमिनीवरच कांडलेलं.

जेमताबाई खाली बसलीच नाही. "मग माझी भिंत फाटली तो दिवस काढ."

रेवतीने तो दिवस काढला आणि ना संथ, ना फार भरभर, अशा मधल्या लाटा ठेवणारी चाळणी लावली. आधी एक टोकदार झटका दिसला आणि त्यामागून डुलत येणारी मोठी लाट. भोंगा वाजतो त्या दिवसांच्या नोंदी तिने शेजारी ठेवल्या. त्यांचा आकार तोच, फक्त लहान. खोलातला भूकंप जमिनीच्या पाठीवर अशी लाट उठवत नाही, ती म्हणाली. हा धक्का जवळचा आणि अगदी उथळ होता, सुरुंगासारखा. हे सगळं तिच्याकडे पहिल्यापासून होतं. दूरच्या भूकंपाच्या कामाचं नाही म्हणून बाजूला गेलेलं.

"आमच्या भाषेत याला गोंगाट म्हणतात," ती हळूच म्हणाली.

"आमचा गाव म्हणजे गोंगाट?" दुरसिंगबाबाने विचारलं.

मी पेटले. साहेबासमोर सांग, मी रेवतीला म्हणाले, भिंत सुरुंगाने फाटली म्हणून. तिने नकारार्थी मान हलवली. भेग कशाने पडली ते यंत्र सांगत नाही. धक्का खोलातला नव्हता आणि सुरुंगाच्या दिवसांसारखाच होता, एवढंच ती सांगेल. पण तेवढं सांगायला ती येईल.

ठरलं ते असं: यंत्र राहील, पण चाळणी न लावलेली सगळी नोंद गावाकडेही राहील. त्यासाठी वरिष्ठांना विचारावं लागेल, असं रेवती म्हणाली. "विचार," जेमताबाई म्हणाली. "तोवर यंत्र इथे आणि माझं उखळही इथे." बायकांनी त्याच संध्याकाळी उखळ नाल्यापलीकडून परत आणलं.

दुसऱ्या सकाळी निघताना दुरसिंगबाबा जीपपर्यंत आला. "तिने आमचं काय टाकलं ते बघितलं. तू आमचं काय टाकणार?"

मी काय टाकणार होते ते मला ठाऊक होतं: भेग कशाने पडली ते यंत्र सांगत नाही, हे रेवतीचं एक वाक्य. म्हणून ते वर जसंच्या तसं लिहिलं आहे. साहेबासमोर ती खरंच बोलेल का, याची मला अजून खात्री नाही. पाहणीच्या दिवशी मी तिथे असेन.

रनाळ्याला एसटीतून उतरले आणि रस्त्याच्या कडेला थोडा वेळ तशीच उभी राहिले. जमीन स्थिर वाटत होती. आता त्या वाटण्यावर माझा विश्वास नाही.