बांधावरची फवारणी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. काकूचे डोंगळे मी बुडवले.

डोंगळे म्हणजे बियाण्यासाठी लावलेला कांदा. माझ्या द्राक्षबागेला लागून माझ्या विधवा चुलतीचं वीस गुंठे रान. मधल्या बांधाला ती कोयता लावू द्यायची नाही. बोराटी, तरवड, रानतुळस, सगळं माजलेलं. "माश्यांनी राहायचं कुठं मग?" म्हणायची. डोंगळे फुलले की त्याच मधमाश्या फुलांच्या गोंड्यांवर बसत आणि बी भरे. अर्धं गाव तिचंच बी पेरायचं.

नव्वदीच्या अखेरीची वर्षं. द्राक्षं परदेशी जायला लागलेली. व्यापारी बाग बघायला यायचा होता आणि मला त्या गचपणाची लाज वाटत होती. द्राक्षाला लागणारी पिठ्या ढेकणाची कीड तिथूनच येते, असं मी स्वतःला पटवलं. वाकून एकदाही पाहिलं नाही. काकू आठ दिवस लेकीकडे नांदगावला गेली, तेव्हा भर उन्हात, फुलांवर माश्या असताना, मी बांध भिजवला. आधी कीटकनाशक, मग तणनाशक. बोराटीतल्या मोहोळाखाली माश्यांचा लगदा साचला, काही वळवळत होत्या. तो मी बुटानं मातीत दाबला. तो चिकट आवाज आठवला की अजून घास तोंडात फिरतो.

काकू परतली. "बांधाला काय झालं रे?"

"उन्हानं वाळला असंल."

"माझ्याच बांधाला बरं ऊन लागलं! तुझ्या बागेला सूर्य भितो व्हय?" ती हसली. मीही हसलो, निर्लज्जासारखा.

गोंड्यांवर माशी फिरकेना. हातानं पराग लागतात असं कुणी सांगितलं म्हणून ती जुन्या लुगड्याचा बोळा एकेका गोंड्यावरून फिरवत राहिली. मी वेलींआडून बघत होतो. काढणीला गोंडे चोळले तर नुसता भुसा उडाला. बी मागायला आलेल्या बायांना म्हणाली, "बोळा फिरवूनही भरलं नाही, म्हंजे कांदे निवडताना माझीच नजर चुकली गं. आता माझ्या भरवशावर नका राहू."

बायांनी आपले कांदे देऊ केले, तिनं घेतले नाहीत. पुन्हा डोंगळे लावलेच नाहीत. पुडीचं बी पंचवटीतून मीच आणून द्यायचो. "लय गुणाचं पोर," ती सगळ्यांना सांगायची. मी ऐकून घ्यायचो. थू!

यंदा माझ्या बाजूचं दोन हात रान मी न नांगरता सोडलंय. तरवड उगवलाय. पण ते सोपं होतं. काकू अजून आहे, त्या बायाही आहेत. तिची नजर चुकली नव्हती, हे त्यांच्यासमोर तिला सांगणं माझ्याकडे बाकी आहे.