धरायचा नाय

माझी सासुरवाड टोकावड्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. मी सापगावचा, म्हणजे त्यांच्या लेखी सपाटीवरचा माणूस. यावरून माझी भरपूर थट्टा होते, पण मी काही ठरवलं की मला अडवत मात्र कोणी नाही. जावयाला 'नाही' म्हणायची त्या घरात पद्धतच नाही. मलाही पानात वाढलेल्या कोंबडीला नाही म्हणता येत नाही, तेव्हा हिशेब बरोबरीचा आहे, असं मी समजत होतो.

गेल्या हिवाळ्यात सकाळचा चहा घेता घेता मी धाकट्या मेहुण्याला म्हटलं, "आज घरामागच्या डोंगरावर जाऊ. ही सरळ वर जाणारी धार आहे ना, तिच्यावरून."

"धारेवरून कोण जात नाय, दाजी. पाठीमागून पायवाट हाय. बैल पण चढतात तिथून."

"मग बैलांनाच घेऊन जा," मी म्हटलं. सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. आतून बायको ओरडली, "गुडघे सांभाळा!" मेहुण्याने मान खाली घालून पाण्याची बाटली भरली आणि चप्पल काढून बूट घातले. त्याने बूट घातले तेव्हाच मला काय ते कळायला हवं होतं. पण जावयाची ऐट डोक्यात गेली की डोकं इतर कामाला मोकळं राहत नाही.

करवंदीच्या जाळ्या संपेपर्यंत मजा आली. पुढे धार अरुंद झाली. वाळलेल्या गवतावरून पाय सटकायला लागला, मग गवतही संपलं आणि नुसता कातळ उरला. दोन्ही बाजूंना खोल. डावीकडे कापणी झालेली भातखाचरं इतकी लहान दिसत होती की मी तिकडे बघणंच सोडलं. मेहुणा पुढे चढायचा, वळून सांगायचा, "डावा पाय इथं. आता हात वर." तो सांगेल तसं मी करत होतो. गप्पा कधीच बंद पडल्या होत्या.

एके ठिकाणी कातळ पोटासारखा बाहेर आला होता. त्यावरून तो चढून गेला आणि दिसेनासा झाला. आता फक्त आवाज. मी खाली दोन बोटं मावतील एवढ्या खोबणीत पाय रोवून उभा होतो. डाव्या हाताला एक भेग होती, उजवीकडे वर परातीएवढा एक दगड. त्यातच वारा सुटला.

मी ओरडलो, "उजवीकडचा दगड धरायचा का?"

वरून आवाज आला, "तो धरायचा..."

मी धरला.

दगड सावकाश पुढे आला, दार उघडावं तसा. छातीला घासून खांद्यावरून गेला. उजवा पाय सुटला. डाव्या हाताची बोटं भेगेत आणि एक गुडघा कातळाला, एवढ्यावर मी लटकलो. खाली दगड आपटत गेल्याचा आवाज येत राहिला, येतच राहिला.

"दाजी!" वरून हाक आली. "दाजी!"

मला बोलता येईना. श्वास जोरात घेतला तर हात सुटेल असं वाटत होतं. मला भीती वाटत होती, साधी, लहान मुलाची भीती. मग पुन्हा त्याचा आवाज आला, पण तो मला उद्देशून नव्हता.

"ताय गो!"

बहिणीला हाक मारत होता तो. माझ्या बायकोला.

"आहे," मी कसंबसं म्हटलं. "अरे, आहे मी."

तो पोटावर घसरत आला. माझ्या शर्टाची कॉलर मुठीत घट्ट पिळली. "नाय हालायचं! नाय! खाली नाय बघायचं!" आता प्रत्येक वाक्यात त्याचा 'नाय' आधी येत होता. त्याने दुसऱ्या हाताने माझा पाय धरून खोबणीत बसवला. मग त्याने ओढलं, मी चढलो, आणि आम्ही दोघं वरच्या रुंद कातळावर आडवे झालो.

"मी बोललो होतो, धरायचा नाय," तो म्हणाला.

"'नाय' वाऱ्याने खाल्लं," मी म्हटलं.

माथा थोडाच वर दिसत होता. जिवंत असल्याची एक मस्ती असते, ती मला चढली. "एवढंच राहिलंय. चल."

"नाय."

"अरे, आता काय..."

"नाय बोललो ना! इथून आडवं गेलो की पायवाट हाय. तिथून खाली जायाचं."

मला राग आला. या घरातल्या कोणी मला असं उडवून लावलं नव्हतं. मी काही तरी लागट बोलणारच होतो, तेवढ्यात त्याचे हात दिसले. बाटलीचं झाकण त्याला उघडता येत नव्हतं.

"दगड गेला तवा तुमी गेलात असंच वाटलं," तो म्हणाला. "आन् मी घरी पोचलेलो, दाजी. ताय दारात उभी. मला इचारते, हे कुठं हायेत? मला तिला काय सांगायचं तेच सुचत नव्हतं."

त्याला रडू आवरेना. मी बाटली घेतली, झाकण उघडून त्याच्या हातात दिली.

"चल," मी म्हटलं. "ताईकडे जाऊ."