आठ नंबरचा बोल्ट

चाळीस वर्षांत आपल्या हातून एकही गिअरबॉक्स कच्ची सुटली नाही, हे गॅरेजमधले जुने मेकॅनिक कुवाबारा स्वतःच सगळ्यांना ऐकवत. नम्रता त्यांच्या वाट्याला जरा कमीच आली होती.

घाटातल्या शर्यतीसाठी इंजिनाची ताकद वाढवायची, असं त्यांच्या हाताखालच्या तरुण इसोगाईचं म्हणणं. कुवाबारा उखडले. "अरे, तुझं इंजिन मिनिटाला पाच हजार फेऱ्यांच्या वर जागं होतं. वळणावर वेग उतरला की झोपलंच. ताकद वाढवून काय करशील? गिअर आखूड कर, फेऱ्या पडूच देऊ नकोस."

"सरळ रस्त्यावर मार खाऊ, काका."

"घाटात सरळ रस्ता काय तुझ्या आजोबांनी बांधलाय?"

गॅरेजच्या मालकांची मुलगी मिचिरु गाडी चालवणार होती. तिनं काकांची बाजू घेतली.

शर्यतीच्या सकाळी कुवाबारांनी गिअर आखूड करायला मागच्या आसाचं नवं दातेरी चाक बसवलं. दहा बोल्ट. एकेक आवळायचा, त्याच्याकडे बोट दाखवायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, "एक, ठीक!" उमेदवारीपासूनची सवय.

आता सुरुवातीच्या रेषेपाशी मिचिरुच्या पुढे एकच गाडी उरली होती, आणि कुवाबारा सकाळचे बोल्ट मनात पुन्हा मोजत होते. "सात, ठीक!" म्हणताच इसोगाई आला होता. त्यानं वाकून सुप्रभात म्हटलं. उत्तर न देता काम करत राहणं त्यांना जमणारं नव्हतं. पाना ठेवून तेही वाकले. मग पुढे? "नऊ, ठीक!" एवढंच कानात होतं.

बोल्ट निसटला तर चाकं जागीच अडकतील, आणि डावीकडे दरी. थांबवलं तर फेरी बाद. वर्षातून फेरी एकच. शिवाय गावभर शोभा. गप्प बसावं, असं एक क्षण त्यांना खरंच वाटलं, आणि त्या क्षणाची त्यांना स्वतःचीच भीती वाटली.

ते गाडीसमोर जाऊन उभे राहिले. "मिचिरु, उतर. आठ नंबरचा बोल्ट मी आवळला की नाही, खात्री नाही."

"काका, आत्ता सांगताय?"

"आत्ताच कळलं."

तिनं इंजिन बंद केलं. निशाणवाल्यानं तिच्या मागच्या गाडीला बोलावलं.

तंबूत सगळ्यांच्या देखत आस उघडला. इसोगाईनं पाना लावला. आठवा घट्ट होता. दहाच्या दहा घट्ट होते.

"वर्ष फुकट गेलं की हो, काका," कुणीतरी म्हणालं.

कुवाबारा खाली बसले. लाज वाटायला हवी होती. त्यांना सुटल्यासारखं वाटून रडूच कोसळलं.

मिचिरुनं हेल्मेट काढून त्यांच्या शेजारी ठेवलं. "पुढच्या वर्षी गिअर काकाच बसवतील," ती इसोगाईला म्हणाली. "दुसऱ्या कुणी बसवले तर मी गाडीत बसणार नाही."