दिसलं नाई

वसुधा गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्यावरच चिडलेले होते. आमच्या पाणमांजरांवरच्या शोधनिबंधात मी लिहिलं होतं, ‘या ओढ्यात पाणमांजर नाही.’ तिने ते खोडून केलं, ‘दिसलं नाही.’ फोन तिच्या आईचा होता. "ताप डोक्यात गेला म्हन्तेत बाई... गेली माही पोरगी."

आमचा हा वाद जुना. मी पुण्याची, संख्याशास्त्र शिकलेली. ती मूल गावची, प्राणिशास्त्राची. कुरखेड्याकडच्या ओढ्यांवर आम्ही जोडीने पाणमांजरांच्या पावलांचे ठसे शोधायचो. मला साधी चाचणी पुरेशी वाटे. ठसा सापडला की एक, नाही सापडला की शून्य. मग जंगलातले ओढे आणि शेतांमधले ओढे यांत फरक पडतो का, ते बघायचं. वसुधा वैतागायची. "अवो, तुह्या शून्यात दोन गोष्टी हायेत. जनावर नाई, नाईतं तुले दिसलं नाई. एकच काऊन धरतं?" तिला ते न दिसणंही मोजणारी पद्धत हवी होती. त्याच ओढ्यावर पुन्हा पुन्हा जायचं, आणि मासे धरणाऱ्या ढिवरांनी सांगितलेलंही आधीचा अंदाज म्हणून गणितात घ्यायचं. "म्हणजे गावगप्पांचं गणित," मी चिडवायची. "गप्पा तं गप्पा. उद्या येऊन राह्यली का नाई?" शेवटी मी तिची पद्धत मान्य केली. परीक्षकांना आम्ही भारदस्त कारणं दिली, पण खरं सांगू? तिच्या पद्धतीत फेऱ्या जास्त होत्या, आणि मला तिच्याबरोबर चिखल तुडवायला आवडायचं.

आता करमत नाही. बाजारात तिच्यासारखी मोठ्याने हसणारी कुणी असली की मान आपोआप वळते... परवा एकटीच ओढ्यावर गेले आणि परतताना वाट वाकडी करून मूलला तिच्या घरी थांबले. ओसरीवर तिचे गमबूट तसेच होते, टाचांना चिखल वाळलेला. तिच्या आईने चहा दिला आणि सवयीने विचारलं, "दिसलं का काई?"

‘नाही’ अगदी ओठांवर आलं होतं. त्या घरात, त्या गमबुटांसमोर, मला तो शब्द उच्चारवेना.

"दिसलं नाई, बाई," मी म्हणाले.

त्यांनी गमबुटांकडे पाहिलं. "मंग परत जा लागते," त्या म्हणाल्या. "माही पोरगी असंच म्हने."

मी ते गमबूट पायात घालून पाहिले. मला मोठे होतात. वसुधाच्या आई उठल्या आणि आत कोंबायला घरातून फडकी घेऊन आल्या.